तबकडीवरचा गळा आणि मंचावरचा गळा

मागील अंकात या सदरात क्वीन या इंग्लिश बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याचा ओझरता उल्लेख आला होता. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी हे गाणे कार्यक्रमांत रेकॉर्डपेक्षा वेगळे गात असे, एवढेच एक वाक्य मी लिहिले होते. त्या वाक्यावर बरीच पत्रे आली, त्यांतील तीन येथे घेत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात एका तरुण गळ्याच्या प्रकृतीचाही प्रश्न आहे.

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची असून लहानपणापासून शास्त्रीय गाणे शिकली आहे. गेल्या वर्षापासून ती महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींच्या बँडमध्ये गाते आणि सध्या त्यांनी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ बसवायला घेतले आहे. मूळ रेकॉर्ड कानाला लावून ती रोज दोन-दोन तास तिच्याबरोबर गाते आणि संध्याकाळपर्यंत तिचा आवाज बसतो. मी तिला १९८५ मधील, लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये मदतनिधीसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमातले क्वीनचे चित्रण दाखवले, तर ती म्हणाली, “बाबा, इथे तो रेकॉर्डइतका भरीव लागत नाही.” माझे एक मित्र आयुष्यभर रॉक ऐकत आले आहेत. त्यांचे मत नेमके उलटे आहे. त्यांच्या मते गळा काय तो मंचावरच कळतो, स्टुडिओत सगळी कारागिरी असते. या दोघांत कोणाचे बरोबर मानावे? आणि सरावासाठी कोणते ध्वनिमुद्रण समोर ठेवावे? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : रेकॉर्डबरोबर दोन-दोन तास गाणे तिने आजपासूनच थांबवावे, असे मी आधी सांगतो, त्याचे कारण पुढे ओघात येईल.

आता वादाकडे वळू. आपली मुलगी आणि आपले मित्र दोघेही एक गोष्ट धरून चालले आहेत, ती अशी की रेकॉर्डवर आणि मंचावर एकाच गळ्याने एकच काम केले आहे आणि ते कोठे अधिक चांगले साधले एवढेच आपल्याला ठरवायचे आहे. मला ही धरून चाललेली गोष्टच मान्य नाही. या गाण्याच्या रेकॉर्डवर जे ऐकू येते तो एक गळा नाही, आणि मंचावर जे ऐकू येते त्याला एका गळ्याशिवाय दुसरा आधार नाही. मग दोन्हींना एकाच मापाने कसे मोजणार?

रेकॉर्ड कशी तयार झाली ते पाहिले की हे लगेच ध्यानात येते. ध्वनिमुद्रणाला १९७५ च्या ऑगस्टमध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत सुरुवात झाली आणि पुढचे काम आणखी काही स्टुडिओंत होत राहिले. बँडबरोबर निर्माता म्हणून रॉय थॉमस बेकर होते. त्या काळच्या उत्तम यंत्रावर २४ ट्रॅक मिळत, म्हणजे टेपवर चोवीस स्वतंत्र पट्ट्यांत चोवीस आवाज साठवता येत. या गाण्याला तेवढे पुरणारे नव्हते. म्हणून काही पट्ट्यांवर आवाज भरायचे, ते सगळे एकत्र करून एका-दोन पट्ट्यांवर उतरवायचे, आधीच्या पट्ट्या मोकळ्या करायच्या आणि त्यांवर पुन्हा नवे आवाज भरायचे, असे चक्र चालले. ऑपेरासारख्या मधल्या भागात तिघेजण गायले. खालचे स्वर गिटारवादक ब्रायन मे यांचे, मधले मर्क्युरीचे आणि सर्वांत वरचे ड्रमवादक रॉजर टेलर यांचे. तिघांनी दिवसाला दहा-बारा तास गात हा भाग सुमारे तीन आठवड्यांत पुरा केला. आवाजांचे थर १८० च्या घरात गेले असे नेहमी सांगितले जाते, आणि एकच टेप इतक्या वेळा यंत्रावरून फिरली की उजेडासमोर धरल्यास तिच्यातून आरपार दिसू लागले होते, अशी आठवण त्या मंडळींनीच सांगितली आहे.

ऑपेराचा भाग एकाचा नाही हे कोणालाही कळते. फसगत होते ती गाण्याच्या अगदी सुरुवातीला. पहिल्या पाऊण मिनिटात जो स्वरसमूह कानावर येतो, तो प्रसिद्ध चित्रफितीत चार चेहऱ्यांच्या तोंडी दाखवला आहे, पण रेकॉर्डवर ते सारे आवाज एकट्या मर्क्युरीचे आहेत, एकावर एक बसवलेले. आपली मुलगी इयरफोन लावून पहिली ओळ गायला लागते तेव्हा ती एका माणसाशी जुळवून घेत नसून एकाच माणसाच्या अनेक आवाजांशी एकटीने झगडत असते. तिला जो भरीवपणा ऐकू येतो त्यातला मोठा वाटा या थरांचा आहे. एकाच ओळीचे दोन वेगवेगळे टेक एकावर एक ठेवले की त्यांतला सुराचा आणि वेळेचा किंचित फरक कानाला फरक म्हणून जाणवत नाही. आवाज रुंद झाला, असेच वाटते. आपल्याकडच्या संगतीने गाणाऱ्या दोन बहिणींचे किंवा दोन भावांचे गाणे आठवावे; आवाजांची जात एक असली की असाच रुंदपणा येतो. मर्क्युरीने तो स्वतःशीच संगत करून मिळवला.

जेथे एकच मुख्य आवाज आहे, त्या संथ भागातही स्टुडिओ गायकाच्या बाजूने उभा असतो. स्टुडिओतला कंडेन्सर माइक श्वासाची झुळूकही पकडतो. त्यामुळे गायकाला जवळजवळ कुजबुजत गाता येते, आणि ती कुजबुज पुढे पियानोच्या बरोबरीने ऐकू यावी अशी व्यवस्था कंप्रेसर करतो. हे उपकरण मोठा आवाज खाली दाबते, आणि मग सगळीच पातळी वर उचलता येते. परिणामी हळू स्वर आणि जोरकस स्वर यांतले अंतर कमी होते. मंचावर अशी कुजबुज करून पाहावी! तेथे डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील माइक तोंडाला चिकटवून धरावा लागतो, कारण तो दूर गेला की शेजारचे ड्रम आत शिरतात आणि स्पीकरचा आवाज माइकमध्ये परतून शिट्टी सुरू होते. माइक ओठांना लागला की आवाजातला खर्ज फुगतो. त्यात १९८५ साली कानात घालायचे मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, सर्रास आलेले नव्हते. पायांपाशी ठेवलेल्या स्पीकरमधून जेवढे ऐकू येईल तेवढ्यावर सूर सांभाळायचा. वेम्बलीसारख्या स्टेडियममध्ये शंभर मीटरवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत आवाज पोहोचायला सेकंदाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग लागतो, आणि समोरच्या उतारावर आदळून तो परत येतो तेव्हा गायक पुढच्या शब्दावर गेलेला असतो.

पुण्यातल्या मैदानी कार्यक्रमांत ध्वनिव्यवस्थेचे काम मी बरीच वर्षे केले आहे. स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला की भलेभले गायक नकळत जोर लावू लागतात, हे मी मिक्सरमागे बसून शेकडो वेळा पाहिले आहे. हा त्यांच्या शिक्षणातला दोष म्हणता येत नाही. भोवती गलका वाढला की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, त्याच प्रवृत्तीने गळा पेटतो. एकदा एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या स्नेहसंमेलनात संयोजकांनी खर्च वाचवण्यासाठी मॉनिटरच काढून टाकायला लावले होते. त्या संध्याकाळी गाणारी मुलगी तिसऱ्या गाण्याला ओरडू लागली आणि पाचव्याला तिचा आवाज फाटला. ते अजून माझ्या मनाला लागून आहे.

आता मर्क्युरीच्या स्वतःच्या गळ्याविषयी. फरुख बलसारा हे त्याचे मूळ नाव. जन्म १९४६ चा, झांजिबारमधला, घराणे पारशी. शाळेची वर्षे त्याने पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये काढली, म्हणजे आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर. तेथेच तो पियानो शिकला आणि शाळेतल्या मुलांच्या बँडमध्ये वाजवू लागला. (पाचगणीला जाणाऱ्या पुणेकरांना स्ट्रॉबेरी आठवते, ही शाळा आठवत नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.) त्याच्या आवाजाचा शास्त्रीय अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांवरून त्याच्या बोलण्याच्या आवाजाची सरासरी कंपनसंख्या ११७.३ हर्ट्झ निघाली. त्यावरून तो मूळचा मध्यम-खालच्या आवाजाचा, पाश्चात्त्य परिभाषेत बॅरिटोन असावा आणि गात मात्र वरच्या पट्ट्यांत असावा, असा अंदाज त्या अभ्यासकांनी मांडला. हा आकडा आपल्या पेटीवर आणून पाहिला तर मोठी मौज दिसते. ११७ हर्ट्झ म्हणजे जवळजवळ मंद्र सप्तकातली काळी पाच (सप्तकातली पाचवी काळी पट्टी), आणि या गाण्याचा संथ भागही काळी पाचमध्येच बांधलेला आहे. बोलताना जो त्याचा सहज षड्ज होता, त्याच्या दोन सप्तके वरच्या षड्जाच्या आसपास त्या भागातल्या चढत्या ओळी जाऊन पोहोचतात. स्टुडिओत अशी ओळ एकदा नीट लागली की काम झाले. नाही लागली तर पाणी प्यायचे, थांबायचे, पुन्हा घ्यायची.

दौऱ्यात ती रोज घ्यावी लागते, तीही दीड-दोन तासांच्या कार्यक्रमात, इतर वीस-पंचवीस गाण्यांबरोबर. मर्क्युरीच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या. १९७५ च्या सुरुवातीच्या अमेरिका दौऱ्यात घशाच्या त्रासामुळे काही कार्यक्रम रद्द करावे लागले होते, आणि त्याने शस्त्रक्रिया करून घेतली नाही. हे ठाऊक असले म्हणजे मंचावरचे त्याचे गाणे निराळे ऐकू येते. अनेक कार्यक्रमांत तो वरची जागा टाळून खालच्या स्वराने ओळ पुरी करतो, चाल किंचित वळवतो आणि उंच स्वर टेलर यांच्या आवाजावर सोपवतो. आपल्या मुलीला ही माघार वाटते. मला त्यात गायकाचा हिशेब दिसतो. कोणत्या ओळीवर गळा खर्च करायचा आणि कोठे राखायचा, हे तो त्या क्षणी ठरवतो, आणि ओळ खाली घेताना शब्दफेक अधिक टोकदार करून तिची भरपाई करतो. मैफलीत तार षड्जाला वारंवार न भिडता योग्य वेळ येईपर्यंत तो राखून ठेवणाऱ्या गवयाला आपण कमजोर म्हणत नाही, जाणता म्हणतो.

‘लाइव्ह एड’विषयी मात्र मी आपल्या मुलीशी थोडा भांडेन. १३ जुलै १९८५ च्या त्या संध्याकाळी क्वीनला सुमारे वीस मिनिटे मिळाली होती आणि याच गाण्याने त्यांनी सुरुवात केली. मर्क्युरी पियानोवर बसला आणि सुरुवातीचा स्वरसमूह वगळून थेट संथ भागावर आला. ऑपेराचा भाग घेतलाच नाही. गिटारनंतर गाणे दुसऱ्या गाण्यात वळले. छोटा कार्यक्रम असल्यामुळे गळा राखून ठेवण्याची गरज नव्हती, आणि ते ऐकू येते. आवाज मोकळा आहे, कडा स्वच्छ आहेत, शब्दांची टोके तो सोडत नाही. भरीवपणा नाही म्हणजे थर नाहीत. तिला गळ्यात जी उणीव वाटते ती वास्तविक टेपची उणीव आहे. तो थरांचा आवाज मनातून वजा करून तिने पुन्हा ऐकावे, असे माझे सांगणे आहे.

आपल्या मित्रांचेही मला अर्धेच पटते. स्टुडिओत कारागिरी असते हे खरे, पण ती कारागिरी गळ्यानेच करावी लागते. दहा तास गात राहून दहावा थर पहिल्याशी मिळवायचा, ‘स’ कोठे येतो, श्वास कोठे संपतो, कंप किती वेगाने होतो हे तंतोतंत जुळवायचे, हे कच्च्या गळ्याचे काम नाही. मर्क्युरीचा कंप सेकंदाला सातच्या आसपास आणि काहीसा अनियमित होता, असे त्याच अभ्यासात आढळले. असा कंप स्वतःवरच पुन्हा पुन्हा बसवणे किती कठीण गेले असेल, याचा विचार गाणाऱ्याने करावा. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांनी ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा केला. बैठकीत तोच राग तासभर चाले. म्हणून त्या तीन मिनिटांना खोटे ठरवण्याचे धाडस पुण्यात कोणी केल्याचे मी तरी ऐकले नाही.

दोघांनी मिळून हे एकच गाणे वेगवेगळ्या वर्षांचे ऐकावे. आधी २४ डिसेंबर १९७५ चा लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधील कार्यक्रम. रेकॉर्ड बाहेर येऊन दोन महिनेही झालेले नव्हते आणि हे गाणे मंचावर कसे उभे करावे याचा निर्णय झालेला नव्हता, म्हणून ते तुकड्यांत, इतर गाण्यांत गुंफून येते. त्यानंतर १९७९ च्या युरोप दौऱ्यातली ‘लाइव्ह किलर्स’ ही तबकडी, मग नोव्हेंबर १९८१ मधले मॉन्ट्रियलचे कार्यक्रम, मग ‘लाइव्ह एड’, आणि शेवटी जुलै १९८६ मधले वेम्बली. मला स्वतःला मॉन्ट्रियल सर्वांत जवळचे वाटते. तेथे आवाजाला धार आहे आणि गाण्याला घाई नाही. १९८६ पर्यंत आवाज जाड आणि भारदस्त झालेला आहे. वरच्या जागा तो अधिक जपून घेतो, मात्र खालच्या ओळींना वजन आले आहे. प्रत्येक वेळी संथ भागाच्या दुसऱ्या कडव्यातल्या चढत्या ओळीवर कान ठेवावा आणि ती वर गेली, वळली की खाली उतरली एवढे टिपून ठेवावे. पाच टिपणे शेजारी ठेवली की त्याच्या गळ्याचा अकरा वर्षांचा प्रवास समोर येतो.

आता सराव. आपली मुलगी शास्त्रीय गाणे बहुधा काळी चार किंवा काळी पाचमध्ये शिकली असावी, कारण आपल्याकडे मुलींना सर्वसाधारणपणे याच पट्ट्या दिल्या जातात. तसे असेल तर या गाण्यातल्या चढत्या ओळी तिच्या तार षड्जापलीकडे फारशा जात नाहीत, म्हणजे उंची हे आवाज बसण्याचे कारण नसावे. कारण मला दुसरे दिसते. अनेक आवाजांच्या थराशी बरोबरी करण्यासाठी ती एकाच आवाजावर दाब देते, आणि इयरफोनमुळे स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो म्हणून तो दाब आणखी वाढतो. तिने रेकॉर्ड ऐकताना गाऊ नये आणि गाताना रेकॉर्ड लावू नये. ओळ ऐकावी, थांबवावी, तानपुरा किंवा पियानोचा एकच सूर धरून मध्यम आवाजात गावी. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे पुरे. बरोबर गाऊन पाहायचेच असेल तर मॉन्ट्रियलचे किंवा ‘लाइव्ह एड’चे ध्वनिमुद्रण घ्यावे, कारण तेथे तिच्यासमोर एकच माणूस असेल, श्वास घेणारा. बँडमध्ये सुरुवातीचा स्वरसमूह चौघांनी वाटून घ्यावा. वरची जागा त्या दिवशी लागत नसेल तर ती खाली घ्यायला अजिबात संकोच करू नये. ज्याचे गाणे होते त्याने तेच केले आहे.

आणि आवाज बसणे दोन-तीन आठवड्यांत पूर्ण थांबले नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतूंची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. गुळण्या आणि ज्येष्ठमध यांच्या भरवशावर महिने घालवू नयेत.

प्रश्न : कार्यक्रमात हे गाणे म्हणताना क्वीन मधल्या ऑपेराच्या भागाला चक्क टेप लावत असत, असे ऐकले. ही श्रोत्यांची फसवणूक नव्हे काय? — एक वाचक, कॅम्प

उत्तर : माझ्या मते नव्हे. तो भाग तीन गळ्यांचे कित्येक थर जमवून बनवलेला होता, तो मंचावर चौघांकडून निघणे शक्य नव्हते, आणि निघतो असे भासवण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. टेप सुरू झाली की मंडळी मंचावरून आत जात, रिकाम्या मंचावर प्रकाशाचा खेळ चाले आणि पुढच्या जोरकस भागाला ती धावत परत येत. माइकसमोर उभे राहून नुसते ओठ हलवणे सोपे होते, तसे त्यांनी केले नाही. ‘लाइव्ह किलर्स’वर टेपकडून पुन्हा जिवंत वाद्यांकडे येण्याचा क्षण कान देऊन ऐकण्यासारखा आहे. आवाजाची सगळी खोली एकदम बदलते, आणि स्टुडिओ व मंच यांतला जो फरक मी वर इतका लांबण लावून सांगितला, तो तेथे एका क्षणात कानाला कळतो.

प्रश्न : रविवारी जुन्या बाजारात मला परदेशी बँडच्या ‘लाइव्ह’ म्हणून छापलेल्या काही तबकड्या मिळतात. त्यांतले गाणे कधीकधी इतके निर्दोष वाटते की शंका येते. असे अल्बम नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेले असतात का, आणि ते कानाने ओळखता येते का? — एक वाचक, सातारा रस्ता

उत्तर : आपली शंका रास्त आहे. सत्तरच्या दशकात कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण स्टुडिओत आणून चुकलेल्या जागा पुन्हा गाणे किंवा वाजवणे ही नित्याची पद्धत होती. जूडस प्रीस्ट या बँडचा ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ हा १९७९ चा अल्बम टोकियोतल्या कार्यक्रमांवरून केलेला आहे. तेव्हा आपली प्रकृती बरी नव्हती आणि म्हणून आपण मुख्य आवाज नंतर स्टुडिओत गायलो, हे गायक रॉब हॅलफर्ड यांनी स्वतः मान्य केले आहे. थिन लिझीच्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’ या १९७८ च्या अल्बमवरून तर वादच झाला. बराच मोठा भाग स्टुडिओत पुन्हा केला, असे निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी म्हणाले, आणि बँडच्या मंडळींनी ते मान्य केले नाही. हॅलफर्ड यांनी स्पष्टपणे सांगितले याबद्दल मला आदर वाटतो. दुरुस्ती करण्याला माझा विरोध नाही, पण ती लपवली की ऐकणारा चुकीच्या मापाने गळा मोजू लागतो, आणि एखादी नवी गायिका मंचावर अशक्य असलेल्या गोष्टीचा ध्यास घेऊन आपला गळा खराब करून बसते.

कानाने पुष्कळ ओळखता येते. मंचावरच्या माइकमध्ये शेजारच्या ड्रमच्या झांजा शिरतातच. गायक गात असताना आणि थांबल्यावर त्या झांजांच्या आवाजात काही बदल होतो का, ते ऐकावे. मिक्सरवरचा माणूस माइक वरखाली करतो तसा तो बदल होत असेल तर आवाज बहुधा त्या वेळचा आहे. आवाज भोवतालापासून कापून काढल्यासारखा कोरडा आणि स्वच्छ येत असेल, तर तो नंतर भरलेला असण्याची शक्यता वाढते. धावपळ करणाऱ्या गायकाचा श्वास ऐकू यायलाच हवा, माइक तोंडापासून हलला की स्वराचा रंग पातळ व्हायला हवा. एकाच गायकाचे दोन आवाज एका वेळी ऐकू आले तर शंकेला जागाच उरत नाही. गर्दीच्या आवाजावर मात्र विसंबू नये, कारण टाळ्या आणि आरोळ्या कोठूनही आणून जोडता येतात.

खात्रीचा नमुना हवा असेल तर जे कार्यक्रम त्याच वेळी प्रसारित झाले ते शोधावेत. ‘लाइव्ह एड’ जगभर थेट दाखवले गेले, आणि वर सांगितलेला १९७५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येचा हॅमरस्मिथ कार्यक्रमही बीबीसीने त्याच रात्री प्रसारित केला होता. तो २०१५ मध्ये अल्बम म्हणून रीतसर प्रकाशित झाला आहे. आपल्या शंकेच्या तबकड्या ऐकण्याआधी तो एकदा ऐकावा. एका रात्रीच्या गळ्यात श्वास, खरखर आणि थकवा किती असतो हे कानात बसले, की बाकीच्या तबकड्यांवर या गोष्टी कोठे गायब झाल्या आहेत ते आपोआप जाणवू लागेल.